डावीकडचा दिवा

डिचोलीच्या मैदानावर फक्कीने आठ काढलाय.
सकाळपासून सतरा जण त्याच्या पोटातून गेले,
आता त्यात फक्की कमी, अंदाज जास्त.
मी अठरावा. वय एकोणपन्नास.
पुढच्या पोराला मिशी फुटायची आहे अजून,
मागची मुलगी हेल्मेटच्या आत
च्युइंगम चघळतेय.

कुलासोसाहेब गाडीभोवती फिरले
बांगडा घेणारा कल्ला उघडून बघतो तसे.
पुढचे दोन्ही पेटले. मागचा उजवा पेटला.
मागचा डावा, रबरबँडाने बांधलेला,
गप्प.
मी टपली मारली. पेटला.
साहेब म्हणाले, "रस्त्यावर कोण मारणार टपली?"

काय सांगू त्यांना.
चौदा वर्षं मीच डावा दिवा होतो.
शिरगावच्या खाणीपासून सारमानसच्या धक्क्यापर्यंत
दिवसाला सात खेपा,
कुष्टाबाब उजवीकडे, स्टिअरिंगवर,
मी डावीकडे खिडकीत, खांद्यापर्यंत बाहेर.
ट्रकचे दिवे तांबड्या मातीखाली कधीच बुजलेले,
माझा हात तेवढा दिसे.
वळायचं, तर हात.
मागच्याला पुढे सोडायचं, तरी हात,
पण वेगळा, माशी हाकल्यासारखा.
दारावर एक थाप, थांब.
दोन थापा, चल.
तीन थापांना काही अर्थ नव्हता.
तीन मी एकदाच मारल्या,
मयेच्या वळणावर, शाळा सुटली होती तेव्हा,
आणि त्याला कळल्या.

खाण बंद झाली.
ट्रक तीन पावसाळे उभा राहिला,
बोनेटवर कारल्याचा वेल चढला,
आम्ही कारली खाल्ली,
मग भंगारवाला आला.
हात घरी आला.
घरात त्याला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

आता फेलिसियान म्हणतो, पाव पोचवायचे तर
आधी लायसन आण.
म्हणून मुलगी रोज संध्याकाळी मला शिकवते,
देवळामागच्या रस्त्यावर, आवाज चढवून:
"पप्पा, हात नको! बटण!"
पुस्तकात तर लिहिलंय,
डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून
गोल फिरवावा.
उजव्या हातात गाडीचा जीव असतो,
तो सोडून फिरवायचं काय?

"मळीक, उल्हास!"
मी निघालो.
पाय टेकला नाही. आठ नीट झाला,
वरचं पोट, खालचं पोट.
मग सरळ, मग खुणेचा दगड, मग डावीकडे.
अंगठ्याने बटण दाबलं,
आणि दाबता दाबता
हात आपला आपण निघाला बाहेर,
चौदा वर्षांच्या सवयीने,
बोटं पसरून.
गाडी जरा डुलली. पडली नाही.
साहेबांनी पेन थांबवलं.
"दोन-दोन कशाला?"
मी म्हटलं, "एकाचा भरवसा नाही."
मागची मुलगी हसली. साहेबही हसणार होते.

पण मी टेबलापुढे येऊन उभा राहिलो
तरी मागे टिक टिक टिक,
टपलीशिवाय न पेटणारा तो शहाणा
आता विझायला तयार नाही.
"वळून झालं," साहेब म्हणाले,
"हे बंद कोण करणार?"

हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
हात वळणानंतर आपोआप आत येतो,
मांडीवर पडतो, तंबाखू मळतो.
दिव्याला मात्र सांगावं लागतं,
झालं बाबा, वळलो आपण.

पुढच्या बुधवारी पुन्हा.

घरी येताना गाडी मुलीने घेतली. मी मागे.
नाक्यावर तिने बटण दाबलं,
मी वाकून बघितलं:
मागचा डावा गप्प.
काढला हात बाहेर.
मागची कदंब बस सावकाश झाली, थांबली,
ड्रायव्हरने मान हलवली,
जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तशी.
रस्ता मोकळा होता.
मी मुलीच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

तिने कचकन ब्रेक लावला.
"काय झालं, पप्पा?"